नाहीतर कोणाचं

रात्रीचे पावणेदोन. खाली यंत्रमाग बंद,
कानात मात्र खटखट चालूच.
पडद्यावर पार्सर अडून बसलाय:
एका ओळीचे दोन अर्थ निघतात, कुठला घेऊ?

ओळ माझीच.
चादरीचं डिझाईन सांगायला मी एक भाषा करतेय,
वीसेक शब्दांची. उचल, सोड, जर, नाहीतर.
'जर काठ, जर ताणा लाल, उचल, नाहीतर सोड.'
दोन जर, आणि नाहीतर एकच.

पुस्तकातला नियम सोपा: नाहीतर जवळच्या जरचं.
जो शेजारी बसलाय त्याच्या ताटात वाढा.
लिहिला. चाचण्या सगळ्या हिरव्या झाल्या.

मग बालय्या मास्तर आठवले
आणि सिगारेटच्या पाकिटावरची त्यांची चिठ्ठी,
यल्लप्पासाठी:
'सूत आलं तर लाईट असली तर माग लाव नाहीतर घरी जा.'
त्या दिवशी सूत आलं नाही. लाईट होती.
यल्लप्पानं नाहीतर लाईटला जोडलं
आणि त्रेचाळीस डिग्रीत, अशोक चौकामागच्या शेडच्या पायरीवर
संध्याकाळपर्यंत बसून राहिला.
मास्तर आले. काय करलालास बे हितं?
तो म्हणाला, सूत नसलं तर काय, ते लिवलंच नव्हतं की.

मास्तरांनी जन्मभर पुठ्ठ्याला भोकं पाडली.
पुठ्ठ्याचं बरं असतं, म्हणायचे,
भोक हाय किंवा नाय. माग परत विचारत नाय.
पण गुलबर्ग्याची ऑर्डर वाचली होती त्यांनीच,
'लाल काठाच्या चादरी व टॉवेल',
आणि चारशे टॉवेलांना लाल काठ लागला.
माल परत आला, गल्लीत वाटून टाकला.
मी अजून त्यातल्याच एकानं तोंड पुसते.
काठ आता गुलाबी झालाय.

जिन्यातून आई हाक मारते: रा.
घरातल्या तेलुगूत, ये.
गल्लीतल्या मराठीत, राहा. गप रा मधला रा.
दिवसा फोडणीच्या वासावरून कळतं कुठला ते.
माझ्या व्याकरणाला नाक नाही.

मी नियम खोडला.
आता प्रत्येक जरला त्याचं स्वतःचं बस्स.
ज्यानं उघडलं त्यानं मिटायचं.
'जर काठ, जर ताणा लाल, उचल, बस्स, नाहीतर सोड, बस्स.'
ओळ लांबट झाली, बोबडीही,
पण पार्सर गप्प झाला.

फक्त जुनी एकोणीस डिझाईनं आता चालत नाहीत.
एकेक उघडून बस्स लावत बसायचं,
प्रत्येकाला विचारायचं, नाहीतर तुझं होतं की त्याचं?
सोळांचं जमलं.
तिघांत मला काय म्हणायचं होतं
ते मलाच सांगता येईना.

आई पुन्हा म्हणते, रा.
दोन वाजून गेले. फोडणी नाही, कसलाच वास नाही.
मी खुर्चीतून अर्धी उठलेली.