सळईला पाणी

नोलबेर्तो कोल्के गाडीचं दार धरण्याआधी
बाही खाली ओढून बोटं झाकतो.
आठ महिने असंच चाललंय, म्हणाला.
मुलगी सांगते, बाबा, तुझी गाडी चावते.
सात वर्षांची मिलेना. शाळेच्या फाटकाशी
त्याने गालाला हात लावला की टच्च.
आता ती हात मागे बांधून उतरते,
तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

कालामात पाऊस पडत नाही.
हवा इतकी कोरडी की रात्री ब्लँकेट झटकलं
तर अंधारात ठिणग्यांची रांग पळते.
जमीनही करंट सहजासहजी घेत नाही इथे.
गॅरेजमागे पुरलेल्या अर्थिंगच्या सळईला
मी दर शनिवारी बादलीभर पाणी घालते.
नवे शेजारी विचारतात, कुठलं झाड लावलंय?

आणखी काय होतं, मी विचारलं.
ब्रेक दाबला की डावा दिवा मिणमिणतो.
सिग्नल दिला की रेडिओ कण्हतो.
सकाळी स्टार्टर असा फिरतो
जसा मी, चाळिशीनंतर, उताण्याची कुशीवर.
सगळं एकच दुखणं असणार, तो म्हणाला.
लोकांना एकच दुखणं हवं असतं,
एकच औषध, एकच बिल.

मी मीटर काढला.
काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकाला,
लाल सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर,
मार स्टार्टर.
पाव व्होल्टच्या आत हवं होतं.
काटा दीडच्या जवळ जाऊन थरथरला.

आमच्याकडे अर्थिंगला नुसतं माती म्हणतात.
गाडी तर चार रबरी चपला घालून उभी,
तिची माती म्हणजे तिचाच पत्रा.
इंजिनापासून पत्र्यापर्यंत एक विणलेली पट्टी असते,
तांब्याची, दोन बोटं रुंद.
ती या गाडीने इकिकेच्या खाऱ्या वाऱ्यात
कधीच कळकवून टाकली होती,
आंबट दही ठेवलेल्या भांड्यासारखी हिरवी.
बोट लावलं तर भुगा.
रस्ता बंद झाला की करंट काही घरी बसत नाही,
आडवाटेने जातो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल
हाताला चटका देण्याइतकी तापली होती.

समोरच्या डोंगरातून रोज तांबं निघतं,
रेल्वेने बंदराला जातं, जहाजाने कुठे कुठे,
आणि तीन आंगठ्यांएवढं तांबं मी
डब्यातून आयात केलेलं विकत घेते.
पत्र्यावरचा रंग खरवडला, चकचकीत होईपर्यंत.
नवी पट्टी, नवा बोल्ट, वरून ग्रीस.
दिवा स्थिर. रेडिओ गप्प.

गुरुवारी तो परत आला.
पैसे गेले आणि चावणं तसंच, म्हणाला.

तुला कोण म्हणालं ते गाडीचं होतं?
सीटवर बाजारातलं फरचं कव्हर, अंगात नायलॉनचं जाकीट,
दिवसभर घासतोस. उठलास की
सगळी वीज घेऊन उठतोस तूच.
पट्टी इंजिनाची होती. ही तुझी.
कव्हर काढ. आणि ऊठ.
नाही, असं नाही. बसल्या जागी आधी
दाराच्या चौकटीचा उघडा पत्रा धर,
धरूनच पाय खाली टेक,
उभा राहा, मग सोड.

दहा वेळा बसवला-उठवला त्याला.
पंपावरची पोरं बघत होती.
सहाव्या वेळी विसरला, चावून घेतलं,
आईवरून शिवी दिली, मग माझी माफी मागितली.
आपण सोडून मग उतरतो, तो म्हणाला,
हे उलटं आहे.
हो, उलटंच आहे.

शनिवारी दुपारी राहिलेले पैसे द्यायला आला.
मिलेना मागच्या सीटवर झोपलेली,
तिची वेणी काचेला चिकटलेली.
नोटा त्याने माझ्या तळहातावर ठेवल्या,
बोटाला बोट लागलं. काही झालं नाही.
दोघंही जरा थांबलो,
अजून काही होतंय का ते बघायला.

मग मी बादली उचलली.
सळई सकाळपासून कोरडी होती.