सुटे फर्मे

दावाओहून डॉक्टर होऊन आलेली
घोडक्यांची ऋजुता
परभणीत माझ्या दुकानी एक पुस्तक टाकून गेली.
शिवण उसवलेली, तिकडच्या पुराचं पाणी प्यालेलं,
पानांचे आकडे कसरीनं खाल्लेले.

इंग्रजी मला येत नाही.
तिनंच उभ्याउभ्या सांगितलं:
तिथल्याच एका बाईनं लिहिलंय.
बोटीची तिकिटं फाडणारी लिगाया,
रेडिओ दुरुस्त करणारा एक अबोल माणूस,
याची चिठ्ठी त्याच्या गोष्टीत पोचते, काका,
आणि जिला हवी, ती तोवर बेट सोडून गेलेली.

मी डागाला डाग जुळवत गेलो.
चहाचा गोल डाग पानापानाला फिकट होत जातो,
त्या वाटेनं.
मध्येच लाईट आली, पंखा फिरला,
चार फर्मे उडाले.
जिथं बसले तिथं बसले.
खळ लावली, शिकंज्यात दाबलं.

बुधवारी आली. तिथंच उघडून वाचत राहिली.
बाहेर ऑटोवाला हॉर्न देऊन देऊन थकला.
"काका, इथं तर ती आधी सोडून जाते
आणि भेटते नंतर."
उसवून परत बांधतो म्हणलो, पैसे नको.
म्हणाली, राहू द्या.

पानांतून निघालेली बोटीची दोन तिकिटं
मी समोर ठेवली.
तिनं एकच नेलं.

दुसरं अजून गल्ल्यात आहे,
कौसरच्या नावच्या पावतीखाली.
सन चौऱ्याण्णव. वह्या तीन.
डिलिव्हरी बाकी.