कोंडी

नऊ दिवस झाले, असं सिल्वी फोनवर म्हणाली
आणि लगेच आवाज खाली घेतला,
जणू पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्याची अब्रू
माझ्या ओंजळीत ठेवत होती.

चाळीस किलोमीटर बर्फातून गाडी हाकली.
काइनूत एप्रिल म्हणजे हिवाळाच, फक्त उजेड जास्त.
ताव्हेत्ती केम्पाइनेन, वय चौऱ्याऐंशी, कर्करोग हाडांत उतरलेला,
भिंतीकडे तोंड करून पडला होता.
पोट नगाऱ्यासारखं.
"दुखत नाही," म्हणाला. "तुझी गोळी चांगली आहे.
पण चोरही तीच."

बरोबर ओळखलं होतं.
मॉर्फिन वेदनेला निजवायला येतं
आणि जाता जाता आतड्यालाही थोपटतं.
मग लाट उठत नाही,
आहे ते जागीच बसून राहतं,
भिंत त्यातलं पाणी पीत राहते
आणि उरतो दगड.

मी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं.
खूप वेळानं, लांब कुठेतरी,
एक गुडगुड.
वाट बुजलेली नव्हती. नुसती थांबलेली.

सिल्वी दिवसातून तीनदा इसबगोल देत होती,
शेजारणीनं सांगितलं म्हणून.
भुसा फुगतो, बोजा वाढवतो,
चालत्या आतड्याला तो ढकलायचं निमित्त देतो.
निजलेल्याला काय देणार?
हे तिला न दुखावता कसं सांगावं, मी शब्द शोधत होते,
तर भिंतीकडूनच आवाज आला:
"कोंडी झाल्यावर कुणी वरून आणखी ओंडके सोडतं का, सिल्वी?"

तीस वसंत तो नदीवर होता,
आकड्याची काठी घेऊन, वाहत्या लाकडांवर उभा.
आता माझी पिशवी उघडायला लावली
आणि एकेक वस्तू विचारून घेतली.

ही पूड? पाण्यात घालून प्यायची,
ते पाणी ती शरीराला देत नाही,
थेट खालपर्यंत धरून नेते.
"म्हणजे बांधाचं दार उघडणं. ओंडके आपसूक उचलले जातात."
आणि ही सोनामुखी?
मोठ्या आतड्यातले जंतू तिला जागं करतात,
मग ती भिंतीला टोचते. रात्री घेतली की सकाळी कळ.
"ही माझी काठी." पहिल्यांदा वळून बघितलं त्यानं.
"पण पाणी चढायच्या आधी टोचू नकोस.
विल्प्पूनं घाई केली होती."

विल्प्पूचं काय झालं, मी विचारलं नाही.
सिल्वी उठून चुलीत लाकूड घालू लागली.

"किल्लीचा ओंडका असतो एक,"
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तो नेहमी खालच्या अंगाला.
वरून कितीही बोंब मारा."
ते मला माहीत होतं. म्हणून तर ग्लिसरिनची बत्ती आणली होती
आणि हातमोजे.
तो पुन्हा भिंतीकडे वळला.
मी हवामानाबद्दल बोलत राहिले,
बर्फ कधी फुटेल वगैरे,
आणि तो चक्क उत्तरं देत राहिला, जाणकारासारखी.

एवढं करून हललं नसतं तर
डॉक्टरांना विचारून एक सुई होती माझ्याकडे:
ती आतड्यावरून मॉर्फिनचा हात उचलते,
मेंदूच्या उंबऱ्याआत मात्र जात नाही,
वेदना निजलेलीच राहते.
ती लागली नाही.

पूड दोन दिवस गेली. सोनामुखी दुसऱ्या रात्री.
तिसऱ्या पहाटे साडेपाचला फोन.
सिल्वी हसत होती की रडत, कळेना.
मागून खिडकी उघडल्याचा आवाज,
बाहेर उणे अकरा,
आणि त्यातून त्याची आरोळी,
नदीवरची, जुनी,
खालच्या माणसांना बाजूला व्हा म्हणून सांगणारी.

मी नोंदवहीत लिहिलं: झालं. भरपूर.
खाली लिहिलं: मॉर्फिन तेच. पूड रोज. सोनामुखी रोज रात्री दोन.
इसबगोल बंद.
मग ते शेवटचं खोडलं,
आणि लिहिलं, सिल्वीशी मी बोलेन.