दहा मिलिमीटरचं भोक

ल आव्र, चौथा मजला, मादाम लकानू.
मी इंटरनेटची तार टाकायला गेलो होतो.
भिंतीत भोक पाडावं लागेल, म्हटलं,
तर म्हणाल्या, थांबा, आधी चष्मा लावते.

बंदराकडे तोंड करून ही इमारत उभी,
खांबामागून खांब, सारख्या अंतरावर,
कुणी वहीवर पट्टी धरून
अख्खं गाव पुन्हा आखावं तशी.
खिडक्या अरुंद, पण जमिनीपासून छतापर्यंत,
कुणाची तरी वाट बघत ताटकळलेल्या.

मी न विचारताच त्या सांगत गेल्या.
चव्वेचाळीसचा सप्टेंबर. विमानं मित्रांचीच होती.
मग आठ वर्षं लाकडी बराकीत;
छपरावरचा डांबरी कागद वाऱ्यानं रात्रभर फडफडायचा.
एक दिवस चिठ्ठी आली:
गेलेल्या घराच्या बदल्यात इतके चौरस मीटर.
आईनं नळ सोडला, गरम पाणी आलं.
बंद केला. पुन्हा सोडला.
संध्याकाळपर्यंत तेच.

वडील मात्र या भिंतींना बिचकून असत.
ढिगारा भरडून त्याचीच खडी घातलीय यात, म्हणत,
आपलं घर इथंच कुठंतरी आहे.
मरेपर्यंत त्यांनी एक खिळा ठोकू दिला नाही.
घड्याळ, कॅलेंडर, लग्नाचा फोटो,
सगळं कपाटावर, टेकून.

मी वर टेकडीवर राहतो, सत्तर सालच्या टॉवरमध्ये.
लिफ्ट बंद. भिंती अशा, की
शेजारच्या बूझियानचा खोकला आपल्याच छातीत वाजतो.
पुढच्या वर्षी पाडणार म्हणे.
त्याची खडी कुठं जाईल, कधी मनातही आलं नव्हतं.

ड्रिल लावलं. आधी करडी धूळ.
चार बोटं आत गेल्यावर
विटकरी.

मी हात थांबवला.
मादामनी भोकाखाली बशी धरली, टवका उडालेली.
चमचाभर जमली असेल.
चिमटीत घेऊन उजेडात नेली.
"छे. आमच्या विटा गडद होत्या.
ही दुसऱ्या कुणाची तरी चूल."
तरी बशी झटकली नाही.
खिडकीत ठेवली, वारा लागणार नाही अशी.

मग विचारलं, बुद्धिबळ खेळता येईल ना यावर?
मॉन्ट्रियलचा एक दातांचा डॉक्टर आहे,
पत्रानं खेळतो, महिन्याला एक चाल,
आणि मेला मधेच घोडा बदलतो.

येईल, म्हटलं.
तार आत सारली.