खरं, म्हणजे पण

कॅलेंडर नवं लागलं की माझ्या दुकानात
साहित्याचा सीझन सुरू होतो.
खानापूर स्टँडसमोर, झेरॉक्सच्या गरम मशीनला पाठ लावून
सकाळी उताऱ्यांचे अर्ज टाइप करायचे, कन्नडमध्ये,
दुपारनंतर कथा, मराठीत, पानाला पंचवीस रुपये.
बोटं तीच. की-बोर्ड तेवढा बदलायचा.

नागोजी घाडी मास्तर सगळ्यांच्या आधी.
मागच्या साली उत्तेजनार्थ, त्याच्या मागच्या सालीही.
"औंदा पहिलाच बघ," म्हणतात
आणि वही उघडून माझ्या डोक्यावर उभे राहतात.

गर्लगुंजीची पोरगी येते, बसला वीस मिनिटं असताना.
तिची कविता मोबाइलमध्ये, दोन पासवर्डांच्या आड.
आणि नंदगडचे सुभेदार, पेन्शनवाले,
ज्यांची युद्धकथा दरवर्षी
शब्दमर्यादेपेक्षा आठशे शब्दांनी जास्त.
"एखादा माणूस कमी करा की," मी म्हणते.
"कसा करू गं? होते ते सगळे."

फॉर्मवर 'राज्य' आधीच छापून आलेलं असतं, महाराष्ट्र.
त्यावर रेघ मारायची, वर कर्नाटक लिहायचं,
शेजारी बारीक सही, चेकवर करतात तशी.
मास्तर रेघ मारत नाहीत.
सुभेदार पट्टी ठेवून मारतात.
पोरगी म्हणते, पिनकोड बघून कळंल त्यांना.

नियम मला पाठ आहेत. समास सोडावा.
मजकुरावर नाव नको, खूण नको.
आणि सातवा: भाषा प्रमाण असावी.

तिथं माझी बोटं अडतात.
आमच्यात 'पण' म्हणत नाहीत, 'खरं' म्हणतात.
येतो खरं उशीर होईल.
आवडतो खरं सांगणार कोण.
मास्तरांनी तीस वर्षं तांबड्या शाईनं
पोरांचे 'खरं' खोडून 'पण' केले,
आणि घंटा झाली की व्हरांड्यात तेच:
"दमलो गा. खरं चहा नको."

दुकान टाकलं त्या साली मी हुशारी केली.
सुभेदारांच्या फाइलीत एका झटक्यात
सगळे 'खरं' शोधले, 'पण' भरले.
त्यात तो जखमी जवान, मांडीवर डोकं ठेवलेला,
जो म्हणत होता, "मी वाचतो का? खरं सांग,"
तो म्हणाला, "मी वाचतो का? पण सांग."
दुसरा नंबर आला.
परीक्षकांनी लिहिलं, शेवट सूचक आहे.
सुभेदारांना मी अजून सांगितलेलं नाही.

माझी एक कथा आहे.
'जुनी बिलं' नावाच्या फोल्डरमध्ये, तीन वर्षं.
काजूच्या फॅक्टरीत टरफलं फोडणाऱ्या बाईची,
चिकानं बोटं इतकी जळलेली
की रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
ती बोलते तेव्हा अकरा वेळा 'खरं' म्हणते.
काल रात्री शटर अर्धं ओढून
मी ते अकरा मोजले, पुन्हा मोजले.
एकालाही हात लावला नाही.
प्रिंट काढली. स्वतःकडून पैसे घेऊ की नको,
शेवटी दीडशे गल्ल्यात टाकले, हिशेब म्हणून.

पोस्टात शिवलीलानं पाकीट काट्यावर ठेवलं.
"एनैति इदरागऽ?"
"कथि ऐतिरी. नंदऽ."
अडतीस ग्रॅम.
तिनं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं,
पत्त्यावरून बोट फिरवलं, शिक्का मारायचा राहिला तसाच,
आणि माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली,
"मला बोलाय येतंय बाई, तुमच्यासारखं.
खरं वाचाय येत नाही."