विरळणी

शालन म्हणजे माझी नणंद. तिनं मला
तासगावातून विट्याला नेलं, रविवारी, तिच्या खर्चानं.
तेवढा एकच प्रवास तिच्या खर्चानं झाला.
मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी अत्तर होतं.
टाय बांधलेली पोरं दारात वाकून नमस्कार घालत होती
आणि खराडे सर, पूर्वी बोअरच्या गाडीवर होते ते,
फळ्यावर गोल काढत होते.
वर एक. त्याखाली सहा. त्या सहांखाली सहा-सहा.
"ताई, स्वप्न सांगा तुमचं. मोठं सांगा."
मी म्हटलं, स्वयंपाकघरात फरशी.
सगळे हसले. शालननं कोपर मारलं,
"बंगला म्हण की गं."

मी बेदाण्याच्या शेडात निवडायला बसते.
डोळ्यांना मोजायची खोड आहे, घरी आलं तरी जात नाही.
रात्री पोराच्या वहीच्या मागच्या पानावर
ते गोल मी पुढं नेले.
सहा, छत्तीस, दोनशे सोळा.
सहाव्या ओळीत तासगाव संपलं,
पाळण्यातली आणि अंथरुणाला खिळलेली धरून.
नवव्या ओळीला सांगली जिल्हा पुरेना.
सातारा घेतला, कोल्हापूर घेतलं,
तरी माणसं कमीच.
आणि त्या शेवटच्या ओळीनं
पावडरचा डबा कुणाच्या दारात न्यायचा?

हे सगळं मला त्याच रात्री कळलं होतं.
कळूनसुद्धा सोमवारी पैसे भरले.
आठ हजार चारशे.
हिशेब खरा असतो, पण तो दुसऱ्यांचा असतो
असं वाटतं माणसाला.

अकरा महिने.
नाव चालू ठेवायला दर महिन्याला दीड हजाराची खरेदी.
एसटी, सभेची तिकिटं, पाहुण्यांपुढं ठेवलेला चहा.
गेले अठ्ठावीस हजार एकशे साठ.
आले दोन हजार तीनशे पंधरा,
त्यातले सहाशे माझ्या भावाचे.
त्यानं डबा अजून उघडला नाही.

शेवटच्या सभेला धीर करून उभी राहिले.
विचारलं, खर्च वजा जाऊन
ज्यांच्या हातात काही उरलं त्यांनी हात वर करा.
सभागृहात तीनशेच्या वर माणसं.
हात तीन.
त्यातले दोन स्टेजवरचे.
खराडे सर हसून म्हणाले,
"जे सोडून गेले त्यांना आपण मोजत नाही."

दिवाळी झाली की मी द्राक्षाच्या विरळणीला जाते.
घडातले निम्म्याहून जास्त मणी कात्रीनं पाडायचे,
म्हणजे राहिलेले फुगतात.
पाडलेले हिरवे मणी वेलीखाली,
चपलेला चिकटतात.
त्यांचं वजन कुणी करत नाही.
मालक बाजारात दाखवतो तो घड.

माझ्या खालच्या सहांत एकच नाव होतं.
जैनब मुलाणी, शेडात माझ्या शेजारी बसते,
पिवळा माल तिच्याइतका लवकर कुणी निवडत नाही.
तिनं कानातलं मोडून पैसे दिले होते. मला. माझ्यावर.
तिच्या खाली कुणीच आलं नाही.
ती काही बोलली नाही. नुसतं एक दिवस
डबा माझ्या बाजूला सरकवून ठेवला, जेवणाच्या सुट्टीत.

शनिवारी पगार होतो.
त्यातले तीनशे मी तिच्या हातात ठेवते.
अठ्ठावीस शनिवार लागतात, मोजलंय.
घरात नवऱ्याला सांगितलंय, भिशी लावलीय.
पहिल्या वेळी ती घेईना.
"तुला तरी कुणी परत दिले का?"
मी म्हटलं, शालनला मी मागितले नाहीत.
तिच्या वर कोण आहे ते तिलाही ठाऊक नाही.

आज अकरावा शनिवार.
जैनबनं नोटा न मोजता कमरेला खोचल्या
आणि म्हणाली, ती पावडर मी आता
पोरीच्या दुधात घालते. गोड आहे तेवढी.
मग क्रेट ओढला जवळ.
काळा माल होता, उन्हात जास्त राहिलेला,
तिनं निम्मा माझ्याकडं ढकलला.