पहिली नऊ मिनिटं

माझी नोकरी पहिल्या नऊ मिनिटांची.
उशिरा येणाऱ्यांना टॉर्चच्या उजेडात
खुर्चीपर्यंत पोचवायचं,
उजेड पायांवर ठेवायचा, चेहऱ्यावर कधीच नाही,
आणि नवव्या मिनिटाला मखमली पडदा सारून बाहेर यायचं
तिकीटखिडकीपाशी, जिथे बासिलियो
माते चोखत कालची मॅच पुन्हा एकदा हरत असतो.

मोंतेविदेओतल्या या एकाच थिएटरात एकवीस वर्षं.
शेवट मला एकही ठाऊक नाही.
सुरुवाती तोंडपाठ.

या महिन्यातली अशी:
आधी नुसता काळोख, त्यात फ्रिजची घरघर.
लोकांना वाटतं, अजून सुरू व्हायचंय.
खोकतात, चॉकलेटचे कागद चुरगाळतात.
मग घरघर थांबते
आणि तेव्हा कळतं
की ती केव्हाची चालू होती.

एक बाई जिना चढते. हातात संत्र्यांची पिशवी.
पायऱ्या मोजते, ओठांतल्या ओठांत,
लहानपणची खोड असावी.
अकरा.
किल्ली. दार. ओटा.
एक संत्रं घरंगळत टेबलाखाली जातं,
आपण त्याच्यामागे जातो, बाई जात नाही.
हे मला पाचव्या खेळाला दिसलं:
आपण बघतोय ते तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून.
कुणाची उंची ही? कुणी विचारत नाही.
दुसरी सकाळ. तीच पिशवी, तोच जिना.
बारा.
ती थबकते. मागे वळून खाली बघते.
मग हसते, बेरीज चुकल्यावर हसावं तशी.
त्या हसण्यावर सिनेमाचं नाव उमटतं,
कोपऱ्यात, बारक्या अक्षरांत,
नव्या भाडेकरूनं लावलेल्या पाटीसारखं.

बास. चाकू नाही, किंकाळी नाही.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात;
इथे एक शीतच जास्तीचं निघालंय
आणि पुढचे दोन तास सगळे ते चिवडत बसणार.

मी पडद्याकडे पाठ करून उभी असते.
मला लोक दिसतात.
‘अकरा’ला ते खुर्चीत सैल असतात.
‘बारा’ला बाईबरोबर हसतात, निदान अर्धे तरी,
आणि हसू ओसरायच्या आत
एखादी म्हातारी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची पर्स
उचलून मांडीवर घेते.
दर खेळाला कुणीतरी घेतंच.

करड्या कोटातला गृहस्थ सलग चार संध्याकाळ आला.
सातवी रांग, कडेची खुर्ची.
नाव आलं की उठायचा.
चौथ्या दिवशी मी पडद्यापाशी टॉर्च धरला, विचारलं,
"आवडत नाही का, साहेब?"
तो म्हणाला, "एक सांगाल?
मला पहिल्यांदाही बाराच ऐकू आल्या."

मी हसले. बेरीज चुकल्यावर हसावं तशी.

रात्रीच्या खेळाला कान देऊन उभी राहिले.
बाई चढू लागली, ओठ हलू लागले,
आणि नेमका बासिलियोनं तिकीटखिडकीचा पत्रा ओढला.

घरी आले. आमची लिफ्ट जूनपासून बंद.
चौथा मजला, बंदरावरून येणारा वारा,
जिन्यात कुणाच्या तरी तळलेल्या कांद्याचा वास.
एकवीस वर्षांत मी या पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.
गरज काय, त्या माझ्याच होत्या.
बहात्तर.
वर येऊन चप्पल काढली, पाणी प्यायले,
आणि पहिला विचार हा आला की
काल किती होत्या?

आता हातात कचऱ्याची पिशवी आहे.
ती आज टाकायलाच हवी, आत माशाची डोकी आहेत.
दार उघडं टाकून मी उंबऱ्यावर उभी.
उतरायचं तर मोजत उतरावं लागेल,
न मोजता उतरायचं
आता मला जमणार नाही.

मागे स्वयंपाकघरात
फ्रिज घरघरतोय,
अजून तरी.